त्याच्या आधी काय होते?

मुरुडच्या समुद्रात, किनाऱ्यापासून काही अंतरावर, कासा नावाचे एक खडकाळ बेट आहे. इ. स. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला उभारला व त्यास पद्मदुर्ग हे नाव दिले. जंजिऱ्याच्या सिद्दीस समुद्रातच शह द्यावा, हा त्यामागील हेतू होता. आज त्या किल्ल्याच्या समुद्राकडील तटाजवळ जाऊन पाहिले, तर एक विलक्षण दृश्य दिसते. तटाचे काळे दगड लाटांच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्याने झिजून आत गेले आहेत. दोन दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना मात्र जसाच्या तसा पुढे उभा आहे. दुरून पाहणारास तो तट मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भासतो. पोळ्याच्या भिंती तेवढ्या शिल्लक आहेत आणि घरे रिकामी झाली आहेत!

हा चुना साडेतीनशे वर्षांचा आहे आणि तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. जो कोट्यवधी वर्षे टिकला तो झिजला, आणि जो काल-परवा माणसाने कालवला तो टिकला. काळ सर्वांस झिजवतो असे आपण सहज बोलून जातो. परंतु ह्या तटापुढे उभे राहिले म्हणजे ते बोलणे तपासून पाहावेसे वाटते. दगड झिजवला तो लाटेने, वाऱ्याने आणि मिठाने. ह्या तिघांना वगळून नुसत्या काळाने त्या दगडाचे काय केले असते? मग काळ म्हणजे नेमके काय? आणि तो केव्हापासून आहे?

मुरुडच्या दक्षिणेस राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिरा किल्ल्याकडे जातात. अशा होडीत एखादे चौकस मूल बसले, म्हणजे नावाड्याची परीक्षाच असते.

“काका, हा किल्ला कधीचा?”

“फार जुना, बाळा. माझ्या पणज्यानेही तो असाच पाहिला.”

“त्याच्या आधी काय होते?”

“त्याच्या आधी लाकडाचा मेढेकोट होता. आम्हां कोळ्यांनीच बांधलेला.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी नुसता खडक.”

“आणि खडकाच्या आधी?”

नावाडी हसतो, सुकाणूवर हात ठेवून शिडाकडे पाहतो आणि म्हणतो, “ते तुझ्या मास्तरांना विचार!”

मुलाचा हा प्रश्न पोरकट आहे असे कोणी समजू नये. मोठमोठे तत्त्वज्ञ, गणिती आणि ज्योतिर्विद ह्यांनी ह्याच प्रश्नापायी आयुष्ये वेचली आहेत. नावाडी जेथे थांबला तेथून थोडे पुढे जाता येते, ते कसे हे आधी पाहू.

जंजिऱ्याखालचा आणि पद्मदुर्गाखालचा खडक एकाच जातीचा आहे. त्याला काळा पाषाण किंवा बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारसाचे लोटामागून लोट बाहेर आले. एक थर थिजावा, त्यावर दुसरा यावा, असे होता होता सह्याद्रीचे डोंगर रचले गेले. आज एवढी झीज होऊनही हा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. आश्चर्य असे की, ह्या खडकाच्या जन्मकाळी मुरुडपुढचा हा समुद्रही आजच्यासारखा नव्हता. आज आफ्रिकेच्या बाजूस असलेली सेशेल्स बेटे त्या वेळी भारताच्या पश्चिम अंगाला लागून होती. शिलारस थिजल्यानंतर ती हळूहळू दूर सरकली, आणि मधल्या पडलेल्या वाटेत समुद्र आला. लाटा अनादी आहेत असे किनाऱ्यावर बसून वाटते खरे, परंतु येथे खडक वडील आहे आणि समुद्र धाकटा.

आता कोणी विचारील की, त्या काळी पाहावयास कोणी माणूस नव्हता, मग हे वय कळले कसे? ह्याचे उत्तर समजण्यास पूर्वीचे घटिकापात्र आठवावे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. छिद्रातून पाणी आत शिरे आणि चोवीस मिनिटांत वाटी बुडे. ती एक घटिका झाली. अशा साठ घटिकांचा एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा ह्या वाटीवर डोळे लावून बसत. निसर्गातही अशा वाट्या आहेत. पोटॅशियम ह्या मूलद्रव्याचा एक प्रकार आपणहून अत्यंत संथ गतीने पालटत असतो, आणि त्याच्या काही भागाचा आर्गॉन नावाचा वायू बनतो. कितीही पोटॅशियम घेतले तरी त्यातील हा प्रकार निम्मा होण्यास १२५ कोटी वर्षे लागतात. शिलारस पातळ असतो तोवर हा वायू निसटून जातो. शिलारस थिजला की तो आतच कोंडला जातो. म्हणून दगडात किती आर्गॉन साठला आहे हे मोजले म्हणजे तो थिजून किती वर्षे झाली हे निघते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारा विचार तिच्यावर उभा आहे. ज्या क्षणी शिलारस थिजला, त्या क्षणी जणू वाटी पाण्यावर ठेवली गेली. तेथून मोजणी सुरू झाली. परंतु वाटी, पाणी आणि जोशीबुवा तिन्ही आधीपासून होतेच! दगडातील पोटॅशियम दगडाहून किती तरी जुने आहे. मोजणीचा आरंभ हा मोजल्या जाणाऱ्या वस्तूचा आरंभ असतोच असे नाही.

हा भेद ज्यांनी पुरता ओळखला होता असे एक गणक ह्याच किनाऱ्यावर होऊन गेले. मुरुडच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर नांदगाव नावाचे गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि गणपतीचे देवालय ह्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नंदिग्राम असा येतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी राहत होते. त्यांच्याविषयी एक जुनी आख्यायिका आहे. केशवांनी वर्तविलेले ग्रहण वेळेवर लागले नाही, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने त्यांचा उपहास केला. खिन्न होऊन केशवांनी गणपतीची आराधना मांडली. ‘आता तू वृद्ध झालास, तुझे काम मी तुझा पुत्र होऊन पुरे करीन,’ असा दृष्टांत झाला आणि म्हणून पुत्राचे नाव गणेश ठेवले गेले. आख्यायिकेचा भाग सोडला तरी एवढे खरे की, केशव हे आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी होते. जुन्या सिद्धांतग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि प्रत्यक्ष आकाशातील स्थाने ह्यांत अंतर पडते, हे त्यांनी पाहिले व तसे निर्भयपणे लिहून ठेवले. पुढच्या गणकांनीही वेळोवेळी आकाश पाहून ग्रंथ सुधारून घ्यावेत, असा त्यांचा अभिप्राय होता. जुन्याविषयी आदर बाळगूनही जुने तपासून घेण्याची ही वृत्ती त्या काळी सुलभ नव्हती. आजही ती फार सुलभ आहे असे नाही.

केशवांचे पुत्र गणेश दैवज्ञ ह्यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते असे परंपरा सांगते. कोणत्या ग्रहासाठी कोणता जुना ग्रंथ आकाशाशी जुळतो हे पाहून त्यांनी त्या त्या ग्रंथातील मान स्वीकारले, आणि त्रिकोणमितीच्या किचकट कोष्टकांवाचून केवळ साध्या गुणाकार-भागाकारांनी ग्रहांची स्थाने काढण्याची युक्ती शोधली. पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील व इतर प्रांतांतील पंचांगे ह्याच ग्रंथावरून होत असत.

ग्रहगणितात आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे मोजणी कोठून धरावयाची? आपल्या प्राचीन ज्योतिष्यांनी त्यासाठी तीन प्रकारचे ग्रंथ केले. जो कल्पाच्या आरंभापासून दिवस मोजतो तो सिद्धांत, जो युगाच्या आरंभापासून मोजतो तो तंत्र आणि जो जवळच्या एखाद्या शकापासून मोजतो तो करणग्रंथ. कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ ह्या वर्षी मानीत. ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ होय. गणेश दैवज्ञांनी कोट्यवधी वर्षांचा भार खांद्यावर घेतलाच नाही. स्वतःच्या हयातीतील शके १४४२ हेच वर्ष त्यांनी आरंभस्थान मानले. तेथून पुढे अकरा-अकरा वर्षांची चक्रे मोजावयाची आणि प्रत्येक चक्राचे ४०१६ दिवस धरावयाचे. हे करून पाहणे कोणाही विद्यार्थ्यास शक्य आहे. इ. स. २०२६ च्या गुढीपाडव्यास शके १९४८ सुरू होते. १९४८ मधून १४४२ वजा केले की ५०६ उरतात. ५०६ ला ११ ने भागिले की बरोबर ४६ येतात व बाकी काही राहत नाही. म्हणजे नांदगावात सुरू झालेल्या त्या मोजणीची त्या दिवशी ४६ चक्रे पूर्ण होतात.

शके १४४२ हा काळाचा आरंभ आहे असे गणेश दैवज्ञांना कधीच वाटले नसणार. ते वर्ष उजाडण्यापूर्वीही सूर्य उगवत होता आणि त्यांचे वडील आकाश पाहत होते. तो आरंभ सोयीसाठी धरलेला होता. कल्पाचा आरंभही तसाच असेल काय? सर्व ग्रह एका रेषेत येतील असे एखादे वर्ष गणिताने मागे जाऊन शोधावे, आणि त्यास आरंभ म्हणावे, ही त्या मागची रीत होती. अलीकडे काही उत्साही मंडळी कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि शास्त्रज्ञांनी ठरविलेले पृथ्वीचे ४५४ कोटी वर्षांचे वय हे दोन आकडे शेजारी ठेवून हर्षभरित होतात. सिद्धांतग्रंथांच्याच हिशेबाने पाहिले तर चालू कल्पातील सुमारे १९७ कोटी वर्षेच होऊन गेली आहेत आणि बाकीची यावयाची आहेत, हे ती मंडळी विसरतात. केशव दैवज्ञांनी अशी जुळणी क्षणभरही मान्य केली नसती.

नांदगावच्या ह्या पितापुत्रांची साक्षेपाने माहिती देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही मुरुडचेच. मात्र ते मुरुड निराळे, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे. १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीचे भूषण मानला जातो.

मोजणीचा आरंभ सोयीचा असतो हे मान्य केले, तरी मुलाचा प्रश्न शिल्लक राहतोच. मागे मागे जात राहिले तर शेवटी काही आरंभ सापडतो, की मागे जाणे कधी संपतच नाही? दोहोंपैकी कोणतेही उत्तर दिले तरी मन अडखळते. आरंभ होता असे म्हणावे, तर त्याच्या आदल्या दिवशी काय होते, हे विचारल्यावाचून राहवत नाही. काहीच नव्हते असे म्हणावे, तर काहीच नसण्यातून काही झाले कसे? सांख्यांनी ह्यासाठी ठासून सांगितले की, कार्य हे कारणात आधीच असते. मुळीच नसलेले कधी उत्पन्न होत नाही. वैशेषिकांनी काळास नऊ द्रव्यांत गणले आणि तो एक व नित्य आहे असे मानले. जैनांच्या मते हे विश्व कोणी निर्माण केलेलेच नाही. उलट, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन ह्यांनी निराळीच वाट काढली. सृष्टीबरोबरच काळही निर्माण झाला, म्हणून सृष्टीच्या ‘आधी’ हा शब्दच निरर्थक होय, असे त्यांचे म्हणणे होते. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा कर्ता तर ह्या सर्वांहून सावध. सृष्टी कोठून आली हे तिच्या अध्यक्षास ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यासही नसेल, अशी शंका बोलून दाखवून तो थांबतो.

आणि आरंभ नव्हताच असे म्हटले तर? मागे अनंत दिवस होऊन गेले असतील, तर तेवढे सारे संपून आजचा दिवस उजाडला कसा, असा आक्षेप काही तत्त्ववेत्ते घेतात. अनंत पायऱ्या चढून कोणी माथ्यावर पोचू शकेल काय? हा आक्षेप पहिल्या ऐकण्यात बिनतोड वाटतो, पण तसा तो नाही. ज्या जिन्याला पहिली पायरीच नाही, तेथून कोणी चढावयास निघालेलेही नसते. कोणतीही जुनी पायरी दाखवा, ती आणि आजची पायरी ह्यांत मोजण्याजोगेच अंतर असेल. सारांश, केवळ तर्काने ह्या भांडणाचा निकाल लागत नाही. केशव दैवज्ञांची रीत येथेही अवलंबावी लागते. आकाशाकडे पाहावे लागते.

आकाशाकडे पाहणे म्हणजेच भूतकाळाकडे पाहणे होय. प्रकाशाला वाट चालावयास वेळ लागतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ घेतो. पावसाळा सरल्यावर मुरुडच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनापलीकडे, दिव्यांपासून दूर, एखाद्या अंधाऱ्या रात्री देवयानी नक्षत्रसमूहात धूसर ठिपका दिसतो. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी तारकानगरी आहे. तिचा जो प्रकाश आज डोळ्यांत शिरतो तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. जितके दूर पाहावे, तितके जुने दिसते.

१९२९ साली अमेरिकेतील ज्योतिर्विद एडविन हबल ह्यांनी दाखवून दिले की, दूरच्या तारकानगरी आपल्यापासून दूर जात आहेत. आणि जी जितकी लांब तिचा वेग तितका अधिक. विश्व प्रसरण पावत आहे. मग हा चित्रपट उलटा फिरविला तर काय दिसेल? सर्व काही जवळ जवळ येत शेवटी एका अतितप्त, अतिघन अवस्थेत मिळून जाईल. बेल्जममधील धर्मोपदेशक व गणिती जॉर्ज लमेत्र ह्यांनी ही कल्पना मांडली. तिला पुढे महास्फोटाचा सिद्धांत म्हणू लागले. त्या अवस्थेपासून आजवर सुमारे १३८० कोटी वर्षे झाली, असा आजचा हिशेब आहे.

परंतु सर्वांस हे पटले नाही. १९४८ साली इंग्लंडात फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड ह्या तिघांनी विश्वाला आरंभ नाही, ते सदैव असेच होते आणि असेच राहील, असे प्रतिपादन केले. विश्व प्रसरण पावत असेल तर ते विरळ व्हावयास हवे. तसे न होण्यास मधल्या रिकाम्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत असले पाहिजे. ते प्रमाण अगदी अल्प पुरते. एक घनमीटर जागेत कोट्यवधी वर्षांत हायड्रोजनचा एखादाच अणू! ह्यास स्थिर विश्वाचा सिद्धांत म्हणतात. आणि ‘महास्फोट’ हे प्रतिपक्षाच्या मताचे नाव हॉईल ह्यांनीच १९४९ साली एका नभोवाणीवरील व्याख्यानात वापरले, ही मौजेची गोष्ट आहे.

ह्या वादात एका मराठी तरुणाने उडी घेतली. जयंत विष्णू नारळीकर ह्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरास झाला. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शिक्षण काशीस झाले. पुढे ते केंब्रिजला गेले आणि हॉईल ह्यांचे शिष्य बनले. १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नारळीकरांना भारत सरकारने पद्मभूषण दिले.

स्थिर विश्वाची कल्पना नांदगावच्या पोफळीच्या वाडीत उभे राहिले म्हणजे सहज समजते. वाडीतील प्रत्येक झाड केव्हा तरी रुजले आहे आणि केव्हा तरी पडणार आहे. पण जुने पडते तेथे नवे लावले जाते, म्हणून शंभर वर्षांपूर्वी वाडी पाहिलेल्या माणसास आजही ती तशीच दिसेल. झाडांना वय आहे, वाडीला नाही. उलट, एखादी वाडी एकाच दिवशी लावलेली असेल तर सारी झाडे एका वयाची दिसतील, आणि जुन्या चित्रात तीच वाडी रोपांची दिसेल. म्हणजे दोन मतांपैकी खरे कोणते, हे ठरविण्यास वाडीचे जुने चित्र हवे. आणि असे चित्र आकाश आपणांस दाखविते, कारण दूरचे ते जुने.

केंब्रिजमधीलच मार्टिन राईल ह्यांनी रेडिओ-दुर्बिणीने दूरदूरचे रेडिओलहरी सोडणारे स्रोत मोजले. क्षीण, म्हणजे दूरचे आणि म्हणून पुराणे, स्रोत अपेक्षेहून अधिक निघाले. पूर्वीचे विश्व आजच्याहून निराळे होते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. १९६१ साली हा निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर देण्याचे काम हॉईल ह्यांनी आपल्या शिष्यावर सोपविले. संशोधनास नुकताच आरंभ केलेला एक विद्यार्थी भर सभेत एका दिग्गजासमोर उभा राहिला, आणि स्रोत सर्वत्र सारखे पसरलेले नसून त्यांचे पुंजके असतील तर मोजणीत असे दिसू शकेल, हे त्याने गणिताने दाखविले.

तथापि खरा आघात पुढेच होता. १९६४ साली अमेरिकेत आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन ह्यांना आपल्या आकाशयंत्रात एक मंद खरखर ऐकू येऊ लागली. यंत्र कोणत्याही दिशेस वळवा, ती सारखीच! यंत्रात कबुतरांनी घरटे केले होते. ते काढले, त्यांची घाण धुतली. खरखर गेली नाही. ती सर्व आकाशातून येणारी, केवलशून्याहून जेमतेम पावणेतीन अंश उष्ण अशी लहर होती. अतितप्त अवस्थेतून विश्व निवत आले असेल, तर त्या आगीची अशी धग मागे उरली पाहिजे, असे महास्फोटवादी आधीपासून सांगत होते. त्यानंतर बहुतेक शास्त्रज्ञ त्या पक्षास जाऊन मिळाले.

नारळीकर मात्र मिळाले नाहीत. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ साली पुण्यास ‘आयुका’ ही संस्था त्यांनी उभी केली. १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज व नारळीकर ह्या तिघांनी जुने मत सुधारून पुन्हा मांडले. ह्या नव्या मांडणीत विश्व अनादी आहे. पण ते अगदी स्थिर नाही. सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या चक्राने ते फुगते, थोडे आकुंचते, पुन्हा फुगते. आणि प्रत्येक चक्राअखेर आधीपेक्षा काहीसे मोठे झालेले असते. मुरुडच्या कोळ्यांस हे चित्र परके वाटू नये. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकत येते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आणि तरीही कालची भरती आजची नव्हे. आकाशातील त्या धगीचेही उत्तर त्यांनी दिले. अवकाशात लोहाच्या सूक्ष्म सुया असतील, तर ताऱ्यांचाच प्रकाश शोषून त्या तो ह्या रूपात परत देतील, असे ते उत्तर होते. बहुसंख्य ज्योतिर्विदांना ते पटले नाही, आणि पुढे आकाशाचे जे अधिक सूक्ष्म वेध घेतले गेले ते महास्फोटाच्याच बाजूने पडले. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यास नारळीकरांचे निधन झाले. त्यांची बाजू बहुधा हरलेली आहे. परंतु त्यांच्या पक्षामुळे प्रतिपक्षास आपले प्रत्येक पाऊल पुराव्याने टाकावे लागले, हे विसरता येत नाही.

मग निकाल लागला असे समजावे काय? येथे शके १४४२ ची आठवण ठेवणे बरे. १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतितप्त आणि अतिघन होते, एवढे सिद्ध आहे. त्याही मागे, अगदी शून्याच्या क्षणाकडे जाऊ लागले की समीकरणेच निकामी होतात. त्यांतून अनंत आकडे बाहेर पडतात आणि ते काहीच सांगत नाहीत. तेव्हा तो क्षण काळाचा आरंभ आहे, की केवळ आपल्या मोजणीचा? स्टीफन हॉकिंग ह्यांनी ऑगस्टिनसारखेच उत्तर गणिताच्या भाषेत दिले. उत्तर ध्रुवावर उभे राहून ‘आणखी उत्तरेस काय आहे?’ असे विचारणे जसे व्यर्थ, तसेच आरंभापूर्वी काय होते हे विचारणे व्यर्थ, असे ते म्हणत. रॉजर पेनरोज ह्यांचे मत उलट. त्यांच्या मते आपल्या विश्वापूर्वी दुसरे एक युग होऊन गेले आहे, व त्यापूर्वी आणखी एक. दोघेही थोर गणिती. तरुणपणी दोघांनी मिळून ह्याच विषयावर काम केलेले. तरी त्यांची उत्तरे दोन दिशांस गेली आणि आकाशाने अद्याप कोणाच्याही बाजूने साक्ष दिलेली नाही.

राजपुरीहून निघालेली होडी एव्हाना किल्ल्याच्या तटाखाली आलेली असते. जंजिऱ्याचा दरवाजा दुरून दिसत नाही. होडी अगदी जवळ गेली म्हणजेच दोन बुरुजांच्या आड लपलेली ती कमान एकाएकी समोर येते. शीड उतरते, होडी पायऱ्यांना लागते आणि मंडळी एकेक करून उतरू लागतात. मूल सर्वांत आधी उडी मारते. ओल्या पायरीवर वाकून ते काळ्या दगडाला हात लावून पाहते.

“पाऊण तासात परत या बरे,” नावाडी मागून ओरडतो, “पाणी उतरायच्या आत!”